कोंपाद्रेने दिलेली नावं

१० फेब्रुवारी

ही वही मारिक्रूसने दिली. म्हणाली, आई, तू घरी येऊन भिंतीशी बोलतेस, त्यापेक्षा लिही, आणि परक्या माणसाला सांगतेस तसं लिही, म्हणजे मलाही पुढे वाचता येईल. तिला वाचायचं असेल तर मी बऱ्याच गोष्टी गाळणार आहे, हे तिला माहीत नाही.

आज पुन्हा परक्या घराची मालकीण झाले. नव्या वसाहतीतलं अजून न विकलेलं घर, भाड्याचा सोफा, भिंतीवर कोणाच्या तरी नातवंडांचे फोटो, आणि स्वयंपाकघरात कॉफी ठेवून बसलेली मी. पलीकडच्या खोलीत दोन पोलीस. छप्परकामाचा ठेकेदार येतो, शिडी लावून वर बघतो, आकडा सांगतो. मी बावळट चेहरा करून विचारते, "तुमच्या माणसांचा विमा आहे ना हो? कोणी पडलं-बिडलं तर माझ्या गळ्यात नको." तो छातीवर हात ठेवून म्हणतो, बाई, तुम्ही निर्धास्त राहा. मग पलीकडचं दार उघडतं.

आजचा माणूस साठीचा असेल. हातात समन्सचा कागद पडल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही तर आमच्यातल्या." मी म्हटलं, म्हणूनच. आमच्यातलेच तर पडतात छपरावरून. कामगाराला कामावर इजा झाली तर विम्यातून औषधपाणी होतं, घरी बसल्याचा पगार मिळतो. पण छपरावरच्या माणसाचा हप्ता भरायला या लोकांच्या जिवावर येतं. कोणी माणसं दाखवतच नाही, कोणी छपरावरच्याला कागदावर कारकून करतो. माणूस पडला की त्याला दवाखान्याच्या दारात उतरवतात आणि सांगतात, घरी पडलो म्हण.

हे थांबवायला राज्य सरकार जिल्ह्यांना अनुदान देतं. आमच्या सरकारी वकिलांच्या कचेरीतला चार जणांचा विभाग त्यावर चालतो आणि माझा पगारही. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी हात पसरायचा, किती पकडले ते सांगायचं. आमचे साहेब, तुतुंजियन, आज खूश होते. यंदाच्या हिवाळ्यातली बरीचशी नावं एवोदियोने दिलेली आहेत आणि एकही वाया गेलं नाही.

एवोदियो कारांसा माझा कोंपाद्रे. मारिक्रूसच्या बाप्तिस्म्याला त्याने तिला हातावर घेतलं, तिचा धर्मपिता झाला. त्याआधी आम्ही अरे-तुरेतले. द्राक्षमळ्यातल्या, सीमेपलीकडून आलेल्या मजुरांच्या वस्तीत एकाच नळावर भांडत मोठे झालो. बाप्तिस्मा झाला आणि आपल्या रीतीप्रमाणे त्या दिवसापासून मी त्याची कोमाद्रे झाले, "तुम्ही" सुरू झालं. सुरुवातीला दोघांनाही हसू यायचं. आता त्याचं छप्परकामाचं मोठं दुकान आहे. माझा नवरा रामिरो गेला त्या वर्षी माझं घर गळत होतं, एवोदियो माणसं घेऊन आला, दोन दिवसांत अख्खं छप्पर नवं करून गेला, आणि पैशाचा विषय काढला तर रुसला. यंदाच्या अर्जाला त्याने शिफारसपत्र दिलंय. तुतुंजियन साहेब ते सगळ्यात वर लावणार आहेत, कारण ठेकेदारच म्हणतोय की आम्हाला पकडा, असं रोज कुठे मिळतं?

२३ फेब्रुवारी

रविवार. एवोदियोकडे जेवण. परसात मांस भाजत होते, त्याची माणसं मागच्या कुंपणापाशी उभ्यानेच खात होती. मी ताटली घेऊन त्यांच्याकडे गेले, काम कसं चाललंय विचारलं, तर एकेक जण काही ना काही निमित्त काढून निघून गेला. माझा दरारा म्हणायचा. एवोदियो हसत म्हणाला, "कोमाद्रे, तुम्ही आलात की माझ्या माणसांची भूक मरते. इकडे या, मोठ्यांत बसा."

माझा धाकटा भाऊ चेंचो त्याच्याकडेच कामाला आहे, किती वर्षं झाली. माणसांवर देखरेखही करतो. त्याची बायको आंपारो आज सबंध वेळ तोंड पाडून बसली होती. मी तिला म्हटलं, एवोदियोसारखा मालक मिळाला, नशीब समज. ती म्हणाली, "हो ताई, तुमच्यासमोर तर तो फारच चांगला असतो." या बाईला कौतुकाचं वावडंच आहे.

११ मार्च

चेंचो पडला.

सकाळी एवोदियोचाच फोन आला. मी पोचले तेव्हा तो दवाखान्यात आधीच हजर, धुतलेला शर्ट घालून, बाहेरच्या बाकावर. मला धरून बसवलं. म्हणाला, घरच्या तुतीच्या झाडाची छाटणी करत होता, रात्रीच्या पावसाने फांद्या ओल्या होत्या, शिडी घसरली. मी म्हटलं, मंगळवारी सकाळी, कामाच्या दिवशी? एवोदियो म्हणाला, मीच सुट्टी दिली होती, पावसाने काम बंद होतं.

चेंचोला धड इंग्रजी येत नाही आणि दुभाषा यायला वेळ होता, म्हणून नर्सने मलाच मध्ये घेतलं. औषधाने त्याची जीभ जड झाली होती. नर्सने विचारलं, कसा पडला? मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "चेंचो, झाडावरून पडलास ना?" त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या एवोदियोकडे, आणि डोळे मिटून मान हलवली. मी नर्सला सांगितलं: घरी, झाडावरून, मी त्याची बहीण. तिने माझं नावही उतरवून घेतलं.

त्याच्या नखांत पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. नर्स स्पिरिटने घासत होती तरी निघेना. लहानपणापासून हा गलिच्छच. मणक्याला तडा गेलाय. उजव्या पायाला टोचलेलं कळत नाही.

एवोदियो संध्याकाळपर्यंत हलला नाही. आंपारो मात्र त्याने आणलेल्या कॉफीला शिवलीसुद्धा नाही.

१४ मार्च

चेंचोला घरी सोडलं. एवोदियो म्हणाला, बरा होईपर्यंत त्याचा पगार दर शनिवारी मी हातात आणून देईन, कोमाद्रे, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका. मी गाडीत बसून रडले. सख्खा भाऊ असता तरी इतकं केलं नसतं.

६ एप्रिल

चेंचोकडे गेले होते. ओसरीतल्या खुर्चीत बसून असतो. पाय ओढत संडासापर्यंत जातो आणि घामाने भिजून परत येतो. मी त्याला चांगला झापला. छाटणी जानेवारीत करतात हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तुला मार्चात कुठून सुचलं? तो हसला आणि म्हणाला, "वेडा आहे ना मी, ताई."

अंगणातली तुती मात्र छान फुटली आहे. फांद्या छाटून राहिलेल्या मुठीएवढ्या गाठींवर सगळीकडे सारखीच हिरवी पालवी. खाली काडीसुद्धा पडलेली नव्हती. एवोदियोच्या माणसांनी येऊन उरलेलं काम करून झाडून नेलं असणार. सांगावं लागत नाही त्याला.

निघताना मी आंपारोला सहज विचारलं, तो पडला तेव्हा तू कुठे होतीस? ती हातातला फडका तसाच धरून म्हणाली, "हे बहीण विचारतेय की कचेरी?" नणंदेशी असं बोलतात? घरी येईपर्यंत डोकं तडकलेलं होतं.

२ मे

अर्जाची धांदल. तुतुंजियन साहेबांना आकडे कमी वाटतात. राज्य म्हणतं, नुसते विमा चुकवणारे ठेकेदार नकोत, खोट्या जखमा दाखवून पैसे लाटणारे कामगारही दाखवा. साहेब म्हणाले, असा एखादा सरळ, साक्षीदार तयार असलेला मासा मिळाला तर बरं. मी म्हटलं, कामगार फसवतात ते फार थोडे. ते म्हणाले, "मला थोडेच हवेत, ओटिलिया. एक पुरे."

एवोदियोने अजून एक नाव दिलं. फळांच्या पॅकिंग शेडांची छपरं करणारा कोणी तरी, फार कमी भावात कामं घेतो म्हणे. दोन आठवड्यांनी सापळा.

१७ मे

सापळा जमला. त्या माणसाची बायकोही आली होती, ती पायरीवर बसून राहिली. कामाची मोठी ऑर्डर गेली म्हणाली. आता ती कोणाकडे जाते कोण जाणे.

डॉक्टरांनी चेंचोला सांगितलं, शस्त्रक्रिया करा, लांबवली तर पाय कायमचा लुळा पडेल. सरकारी रांगेत नंबर वर्षभराने. आणि एवोदियो गेले काही शनिवार आला नाही, हे मला चेंचोच्या तोंडून नाही, शेजारणीकडून कळलं. मी त्याला विचारलं तर म्हणाला, काम थंड आहे ताई, त्याच्याही मागे लोक आहेत. खरंच आहे ते. माणूस किती दिवस खिशातून देणार?

५ जून

मला आज नीट लिहिता येणार नाही.

तुतुंजियन साहेबांनी बोलावलं, हात चोळत होते. म्हणाले, मासा मिळाला. कारांसाने स्वतः फोन केला, त्याचा एक कामगार घरच्या झाडावरून पडला आणि आता शेडच्या छपरावरून पडलो म्हणून भरपाई मागतोय, रेडिओवर जाहिरात करणारा वकील धरलाय. साक्षीदार इतका पक्का की विचारू नका, दवाखान्यात तिने स्वतः नर्सला झाड म्हणून सांगितलंय. मग हसत माझ्याकडे बोट केलं. "तूच आहेस ती."

चेंचोचं आडनाव वेगळं, मी नवऱ्याचं लावते. साहेबांना ठाऊक नव्हतं; मी तिथे नुसती दुभाषी म्हणून होते असं त्यांना वाटलं. मी सांगितलं, माझा भाऊ आहे. त्यांचं बोट हवेतच राहिलं. मग म्हणाले, या केसवर तू काम करायचं नाहीस, साक्षीदार आहेस. घरी जा.

चेंचो! माझा चेंचो खोटी भरपाई मागतो! ज्या गोष्टीसाठी मी आयुष्य घालवलं तीच माझ्या घरात. आणि बिचारा एवोदियो, ज्याने पोसलं त्याच्यावरच हा उलटला. फोन करताना त्याच्या जिवाची काय घालमेल झाली असेल. मला आधी सांगायचाही त्याला धीर झाला नसणार. उद्या जाऊन या भावाला जाब विचारते.

६ जून

दारातूनच सुरुवात केली. चोर, लबाड, आईबापांचं नाव घालवलंस, जे तोंडाला आलं ते बोलले. चेंचो खुर्चीत मान खाली घालून ऐकत होता. आंपारो आतून आली, माझा दंड धरला आणि मला ओढत तुतीखाली नेलं. शेजारीपाजारी बघत होते.

ती म्हणाली, "ही छाटणी कधी झाली, ताई? आठवा. नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला, जानेवारीत. तुम्ही इथेच बसून रोस्का खात होता. तो वर चढलेला, आणि तुम्ही खालून ओरडत होता, ती फांदी ठेव, ती ठेव."

होते. इथेच बसले होते. गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवत, त्याला फांद्या दाखवत होते. मार्चात त्या झाडावर छाटायला काही नव्हतंच.

मी तिथेच मातीत बसले. गुन्हे शोधणारी बाई म्हणून जिल्ह्यात माझं नाव आहे.

मग चेंचोने सांगितलं. तो पॅकिंग शेडच्या पत्र्यावर पांढरा रंग मारत होता. पत्रा ओला, दोरी नाही. पडल्यावर एवोदियोने त्याला गाडीत घातलं आणि वाटेत सांगितलं, छपरावर म्हणालास तर विमा कंपनी चौकशी करेल. माझ्या विम्यात फक्त कचेरीतल्या दोन मुली आहेत, एकही छपरावरचा नाही. मी बुडेन ते सोड, तुझी बहीण बुडेल. तिच्या अर्जावर माझी सही आहे. तिचा कोंपाद्रेच चोर निघाला तर तिला कोण ठेवेल?

"मग मी झाड म्हणालो," चेंचो म्हणाला. "तुझ्यासाठी म्हणालो, ताई. तूच झाड म्हणालीस, मला वाटलं तुला सगळं ठाऊक आहे आणि तूही तेच म्हणतेयस." वकील आंपारोने गाठला होता, शनिवारचे पैसे बंद झाल्यावर; त्याच्याकडून सहीही तिनेच करवून घेतली.

७ जून

रात्रभर एकच डोक्यात होतं. ती माणसं कुंपणापासून निघून गेली ती दराऱ्याने नव्हे, मला खरं सांगावं लागू नये म्हणून. आणि एवोदियोने दिलेलं एकेक नाव. सगळे खरेच दोषी होते, त्यात शंका नाही. पण सगळे त्याच्यापेक्षा कमी भावात काम घेणारे होते. मी एकेकाला कॉफी पाजून त्याच्या वाटेतून दूर केलं, तेही सरकारी खर्चाने. मार्चातल्या त्या शेडचं काम एवोदियोचंच होतं आणि मे महिन्यातल्या त्या बाईची ऑर्डर कोणाकडे गेली ते आता मला विचारायची गरज नाही.

त्याच्या गोदामावर गेले. त्याने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. त्याने नाकारलंही नाही. मला वाटलं होतं निदान नाकारेल.

"कोमाद्रे, मी नर्सला एक शब्द बोललो नाही. बोललात तुम्ही."

"तुम्ही मला सांगितलंत म्हणून."

"मी माझ्या कोमाद्रेला सांगितलं. कचेरीतल्या बाईने तपासायला हवं होतं."

मग त्याने मला समजावलं, अगदी मायेने, वस्तीतल्या नळावर भांडण झाल्यावर समजवायचा तसंच. म्हणाला, तुम्ही बोललात तर मी बुडेन, तुमचा अर्ज बुडेल, आणि या जिल्ह्यातल्या छपरांवर नजर ठेवायला कोणी राहणार नाही. एका चेंचोसाठी शंभरांना उघड्यावर टाकणार? दावा मागे घ्यायला सांगा. शस्त्रक्रियेचं मी बघतो, हळूहळू.

"आणि मागे नाही घेतला तर?"

"मग त्याच्यावर खटला होईल. तुमच्याच कचेरीचा."

मी म्हटलं, "एवोदियो, तू माझ्या भावाला विकलंस." इतक्या वर्षांनी तोंडातून "तू" गेलं. त्याचा चेहरा एवढ्या बोलण्यात पहिल्यांदा पडला, आणि पडला तो या एका शब्दाने. तो म्हणाला, असं बोलू नका, आपल्यात देव साक्षी आहे.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट लिहून ठेवते. घरी आले, दार लावलं आणि हे सगळं कोणाला तरी सांगावं म्हणून फोन उचलला तर बोट त्याच्याच नावावर गेलं. रामिरो गेल्यापासून मी सगळं त्यालाच सांगत आले.

१० जून

तुतुंजियन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. ते चोर नाहीत, हे मी आजही म्हणेन. खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, राज्याचा निर्णय ऑगस्टात. तोपर्यंत थांब. पैसे आले की त्याच पैशांनी कारांसाला धरू, मी शब्द देतो. आज तोंड उघडलंस तर धरायला हातच उरणार नाहीत.

मी विचारलं, आणि माझा भाऊ? विमा कंपनीने माझी जबानी जुलैच्या सुरुवातीला ठेवली आहे. ते म्हणाले, तारीख पुढे ढकल, आजारी पड.

डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया उन्हाळ्यात व्हायला हवी. दावा मंजूर झाल्याशिवाय ती होणार नाही. साहेबांना हेही सांगितलं. ते म्हणाले, मला खरंच वाईट वाटतं.

त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे.

२४ जून

जिल्हा मंडळाची बैठक. राज्याकडे जाणाऱ्या आमच्या अर्जाला त्यांची मंजुरी. एवोदियो नवा कोट घालून माइकपाशी गेला आणि प्रामाणिक ठेकेदाराला जगणं कसं कठीण झालंय यावर बोलला. म्हणाला, छपरावर चढणारा प्रत्येक माणूस कोणाचा तरी भाऊ असतो. हे बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, एवढंच काय ते माझं शौर्य.

चेंचोने काल फोन करून सांगितलं, ताई, मी दावा मागे घेतो, तू गप्प राहा, पायाचं काय, काठी घेऊन चालेन. आंपारोने मागून फोन हिसकावून घेतला तेवढं ऐकू आलं.

३ जुलै

आजारी पडले नाही. गेले.

विमा कंपनीचा वकील पोरगेलासा, नम्र. दवाखान्यात झाड कोण म्हणालं, विचारलं. मी म्हटलं, मी. भावाने स्वतःहून काय सांगितलं? काही नाही. मी त्याला "झाडावरून पडलास ना" असं विचारलं. ज्याचं उत्तर आत आधीच बसवलेलं आहे असा प्रश्न जखमी माणसाला विचारायचा नसतो. नव्या माणसांना मी स्वतः हे शिकवते. मग कोणी सांगितलं तुम्हाला झाड? मी नाव घेतलं. तुती जानेवारीत छाटली, मी समोर होते, हे सांगितलं. एवोदियोच्या विम्यात फक्त त्याच्या कचेरीतल्या दोन मुली आहेत, हेही. वकिलाचा पेन थांबला आणि त्याने मला हे पुन्हा सांगायला लावलं.

बाहेर येऊन गाडीत बसले. वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. झालं नाही. कोणाचं तरी प्रेत उचलून आल्यासारखं वाटलं.

२१ ऑगस्ट

राज्याचं उत्तर आलं. ज्या विभागाला नावं पुरवणारा माणूसच विमा चुकवताना सापडला, त्या विभागाच्या कामावर भरवसा ठेवता येत नाही. आमच्या जिल्ह्याला यंदा अनुदान नाही. महिनाअखेर विभाग बंद. तुतुंजियन साहेबांना पुन्हा चोऱ्यामाऱ्यांकडे पाठवलं. जाताना माझ्याशी हात मिळवला, पण डोळे दुसरीकडे. म्हणाले, ऑगस्टपर्यंतच थांबायचं होतं, ओटिलिया.

एवोदियोची केस राजधानीतल्या कोणाकडे तरी गेली आहे, तिथे ढीग आहे म्हणतात. तोवर तो बायकोच्या नावाच्या परवान्यावर काम करतो. काल त्याची माणसं शाळेच्या छपरावर दिसली. मी गाडी थांबवून बघितलं. दोऱ्या नव्हत्या. कळवणार कोणाला? तो नंबर माझ्याच टेबलावर वाजायचा.

३० ऑगस्ट

दावा मंजूर झाल्याचं सांगायला चेंचोकडे गेले; मालकाने माणूस लपवला तरी पडलेल्याचं कंपनीला द्यावंच लागतं. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. अर्ध्या रस्त्यात मला गाणं सुचायला लागलं होतं. किती महिन्यांनी चांगली बातमी घेऊन चालले होते.

आंपारोने बातमी ऐकली, मोकळेपणी रडली आणि मला मिठी मारली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. चेंचो खुर्चीत होता. त्याने विचारलं, "आणि तुझी नोकरी?"

मी म्हटलं, गेली. काही तरी बघेन, माझं काय मोठंसं?

त्याने मान खाली घातली. मला वाटलं त्याला गहिवरून आलंय. मी खुर्चीजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. त्याने खांदा बाजूला घेतला.

"मी पाच महिने या खुर्चीत कशासाठी बसलो, ताई? रात्री बोळा तोंडात घालून ओरडायचो, पोरांना कळू नये म्हणून. का? तुझी नोकरी राहावी म्हणून. तेवढं एकच काम आयुष्यात मी तुझ्यासाठी केलं होतं. तू ते न विचारता फेकून दिलंस."

मी म्हटलं, अरे, तुझा पाय. तो म्हणाला, "पाय माझा होता. मी दिला होता."

मला एवोदियोने फसवलं त्याचं दुःख मी महिनोन् महिने कुरवाळत होते. मी कोणाला फसवलं असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. उभी राहिले तशीच. निघावं तर आंपारोने पानं वाढायला घेतली होती, आणि बसावं तर कुठे बसावं कळेना. चेंचोने भिंतीकडे तोंड केलं होतं. तिकडेच बघत तो बायकोला म्हणाला, "तिला म्हणावं, जेवून जा."

मी बसले. पोझोले होतं, मका आणि मांसाचा रस्सा, तिखट जरा जास्त झालं होतं. आम्ही तिघांनी खाली माना घालून ते संपवलं.